आबांच्या धोतराचे झेंडे

वाखनिंगन,
८ जून २०२५

ति. सौ. शामलाताईस,
नीळकंठचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र अठरा दिवसांनी मिळालं. म्हणजे टपाल खातं अजून जिवंत आहे. फोनपेक्षा हेच बरं. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. गेल्या वेळी मी गुडघ्याचा नुसता एक्सरे काढला, तर तू मिरजभर माझं ऑपरेशन उरकून टाकलंस. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे नंबर जोडून दिलेस आणि शेवटी तुझीच लाइन गेली, याला काय म्हणावं?

इकडे सगळं ठीक. मृदुलाची खांदेदुखी कमी आहे. मी प्रयोगशाळेत अजून बटाट्याच्या करपा रोगावरच आहे. निवृत्तीला आठ वर्षं आहेत, पण खरं सांगू, आत्ताच दमलोय. सकाळी सायकलवर टांग टाकताना सुद्धा विचार करावा लागतो.

बातमी अशी की आमचा क्लब बंद होतोय. तू ज्याला 'नीळूचं ते बगळ्यांचं खूळ' म्हणतेस, तोच. वाखनिंगन हेरॉन्स, स्थापना २००६. इथल्या डच कायद्याने मंडळ बंद करायचं तर सभासदांनी रीतसर ठराव करावा लागतो आणि कागदपत्रं गावाच्या दप्तरात ठेवता येतात. त्यासोबत क्लबचा बारा पानी इतिहास द्यायचा असं ठरलंय. तो कोणी लिहायचा? अध्यक्ष वाउटर, तो गुरांचा डॉक्टर, म्हणाला की जुन्यांपैकी आम्ही दोघंच उरलोय आणि त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही. झालं. घोंगडं माझ्या गळ्यात.

तुला खेळ कधी नीट सांगितला नाही, तो आता सांगतो. हे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबुडका. तो हातात धरून पळायचं, ठोसा मारून दुसऱ्याला द्यायचा नाहीतर लाथेने भिरकावायचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू स्वच्छ गेला की सहा गुण. खांबाला लागला किंवा बाजूच्या फटीतून गेला की एक. तिथे पांढरा कोट घालून एक पंच उभा असतो. सहा गुणांना तो दोन झेंडे उचलतो, एकाला एक. तो पंच म्हणजे मी. एकोणीस वर्षं.

मी कसा अडकलो तेही इतिहासात लिहायचंय. मेंढ्यांच्या चाऱ्यावर काम करणारा ग्लेन नावाचा ऑस्ट्रेलियन आमच्याच मजल्यावर होता. एका शनिवारी नदीकाठच्या कुरणात तो दहाबारा जणांना हा खेळ शिकवत होता. मी बाजारातून कांद्याची पात घेऊन सायकलवर चाललो होतो. त्याने मला थांबवून विचारलं की दोन खांबांच्या मध्ये उभं राहून सरळ बघता येईल का. मी म्हटलं, पाच वर्षं बटाट्याच्या पानांवरचे ठिपके मोजतोय, एवढं जमेल. कोट प्रयोगशाळेचाच वापरला. खांब प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपांचे. चेंडू घासून गेला तरी टक् असा आवाज येतो, त्यामुळे डोळे चुकले तरी कान सांगतात.

झेंड्यांचं मात्र तुला आजवर सांगितलेलं नाही. रागावू नकोस. आबा गेल्यावर तू मला आठवण म्हणून त्यांचं एक धोतर दिलं होतंस. ते मृदुलाने फाडून, दुमडून, शिवून त्याचे दोन झेंडे केले. पांढरं शुभ्र कापड दुसरं घरात नव्हतं.

बाकी इतिहास असा: २००८ ला नदीला पूर आला आणि खांब वाहून गेले. २०१० ला आमच्यात नऊ देशांची माणसं होती. २०१२ ला अंतिम सामना हरलो. २०१६ ला ग्लेन परत गेला. २०२० ला खेळच नाही. मग विद्यार्थी यायचे, दोन वर्षांत पदवी घेऊन जायचे. आता सात सभासद आहेत आणि उतरायला नऊ लागतात. जर्सी धुवायचं काम पहिल्या दिवसापासून आमच्या घरी. मृदुला म्हणते, तिच्या मशीनने इतका चिखल खाल्लाय की त्यात बटाटे लावता येतील.

शेवटचा सामना २० सप्टेंबरला आहे. हरीशरावांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, त्यात आणखी जागा असेल तर थोडा वाढव.

तुझा,
नीळकंठ

—

मिरज,
२७ जून २०२५

चि. नीळकंठ यास,
अनेक उ. आ.

धोतराचं वाचून मी पत्र खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि मग पुढचं वाचलं. आबांचं धोतर! ज्या माणसाने आयुष्यात कधी शर्यतीत सुद्धा पाय उचलला नाही, त्याचं धोतर चिखलात फडकतंय. पण मृदुलाला बोलणार नाही. दुमडून शिवलंय म्हणजे कडा सुटल्या नसतील, एवढं समाधान. आबांना कडा सुटलेलं चालत नसे.

इकडे पाऊस बरा आहे. ह्यांची साखर वाढली आहे आणि ह्यांना ती दिसत नाही, फक्त डॉक्टरांना दिसते. शेजारच्या वृंदाने मला कानात घालायचं नवीन यंत्र आणून दिलं. त्यातून पंख्याचा आवाज एवढा येतो की विमानतळावर बसल्यासारखं वाटतं. मी ते डब्यात ठेवलंय.

तुझा खेळ समजला. चेंडू आत गेला तर सहा आणि चुकला तरी एक, हे मला फार आवडलं. आमच्या वेळी चुकलं की छडी होती.

आता मी तुला ओळखते म्हणून विचारते. पुरावर लिहिलंस, खांबांवर लिहिलंस, कांद्याच्या पातीवर सुद्धा लिहिलंस. क्लब एकदाच अंतिम सामन्यात गेला, आणि त्याला तू चार शब्द दिलेस. लहानपणी बरणी फुटली की तू असाच करायचास. दिवसभराचं सगळं सांगायचास, बरणीजवळून फक्त पळत जायचास. काय फुटलं होतं २०१२ ला?

आणि पोराचं, अभिरामचं, एक अक्षर नाही. तो त्याच क्लबात खेळायचा ना? मला त्याचा फोटो पाठवला होतास, राखाडी-पिवळ्या बनियनमधला, गुडघे फुटलेला. अठरा वर्षांचा असेल. मग एकाएकी खेळ सोडून ब्रेडाला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. मृदुला म्हणते की दर रविवारी फोन येतो, पण तुझ्याशी बोलणं हवापाण्यापुरतं. वाखनिंगनहून ब्रेडा तरी किती लांब आहे? नकाशात मी करंगळीने मोजलं, नखाएवढं आहे.

सांगायचं नसेल तर नको सांगू. पण मग बटाट्यांवर चार पानं लिहून माझे डोळे दुखवू नकोस. प्रकृतीला जप, गुडघ्याला तेल लाव. आशीर्वाद न मागताही आहेत.

तुझी,
ताई

—

वाखनिंगन,
२० जुलै २०२५

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. बरणी फुटली होती, ताई. तेरा वर्षं झाली. मृदुलालाही सांगितलेलं नाही. आता इतिहास लिहायला बसलो की ते पान येतं आणि मी उठून चहा करतो. इतका चहा पितोय की पोट बिघडलं.

२०१२ चा सप्टेंबर. अंतिम सामना आमच्याच मैदानावर, समोर एनस्खेडेच्या विद्यार्थ्यांचा संघ. अभिराम त्याच वर्षी मोठ्यांत खेळायला लागला होता. सगळ्यांत लहान, पण काय पळायचा! घरात तोंडातून शब्द काढत नसे, विचारलं मराठीत तर उत्तर डचमध्ये, तेही एका शब्दाचं. मैदानावर मात्र ओरडायचा, हसायचा, मोठ्या माणसांना जागा दाखवायचा. शनिवारी सकाळी आम्ही दोघं आपापल्या सायकलवरून खांब न्यायचो. पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं माझ्या. तेवढा वेळ आम्ही बापलेक बोलायचो. वळण आलं की तो ओरडून सांगायचा आणि मी हो म्हणायचो. तू हसशील, पण माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

इकडे प्रत्येक संघाने एकेक गोलपंच द्यायची रीत आहे, कारण जास्त माणसं असतात कुठे? मध्यंतरात टोकं बदलली आणि आमच्या संघाचा मारा माझ्या बाजूला आला. तेव्हा त्यांच्याकडचा कोणी एक प्रेक्षक कॉफी पिता पिता हसून म्हणाला की मुलगा लाथ मारणार आणि बाप झेंडा हलवणार, मग आम्ही घरीच जातो. दुष्टपणाने नव्हे, गंमतीने म्हणाला. मीही हसलो. पण ते माझ्या कानात जाऊन बसलं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो. अभिरामने चेंडू पकडला, दोन पावलं टाकली आणि तिरकस कोनातून मारला. मी खांबाखाली उभा. चेंडू डाव्या खांबाच्या आतून गेला, ताई. चार बोटं आतून. खांब हलला नाही, आवाज आला नाही. मैदानातल्या पंचाने माझ्याकडे पाहून हात वर केला, म्हणजे निकाल माझा. दोन झेंडे उचलले असते तर आम्ही दोन गुणांनी जिंकलो असतो.

मी एक उचलला.

का? मी हजार वेळा विचारलंय स्वतःला. भीती वाटली म्हणतील की बापाने दिला. त्या क्षणी डोक्यात आबांचं ते नेहमीचं वाक्य आलं, आपल्या माणसाला झुकतं माप नको. आपल्या घरात ते देवाच्या आरतीइतकं वाजलेलं. मला वाटलं, मी शंका स्वतःच्या विरुद्ध धरतोय, म्हणजे प्रामाणिक आहे. पण शंका नव्हतीच गं. मला स्वच्छ दिसलं होतं. मी झुकतं माप टाळायला गेलो आणि काटाच मोडून ठेवला.

तीन गुणांनी हरलो. अभिरामने मागे वळून विचारलं की खांबाला लागला का. मी म्हटलं, लागला. तोंडाने खोटं बोललो. त्याने मान हलवली आणि बूट सोडायला बसला. पुढच्या मोसमात तो आला नाही. दोन वर्षांत ब्रेडाला गेला. तिथे मोठ्या गोदामाच्या ऑफिसात आहे, चांगला आहे, सुखी असावा. माझ्याशी तेव्हापासून नीट बोलला नाही. त्याला कळलंच असणार. त्याचा राग रास्त आहे आणि तो उतरावा असं मी काही केलेलं नाही.

आता त्या पानावर काय लिहू? खांबाला लागला असं लिहिलं तर ते गावाच्या दप्तरात कायमचं जाईल. खरं लिहिलं तर पोराच्या पुढ्यात जाईल. फार थकलोय. तू काय म्हणशील ते करीन. माया आटू देऊ नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
नीळू

—

मिरज,
८ ऑगस्ट २०२५

चि. नीळू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ह्यांना दिलं नाही. काय करू विचारतोस ना? सांगते, पण आधी माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही, कारण तू आबांचा फार होतास.

मी नववीत होते, तू तिसरीत असशील. तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा आपल्या शाळेत झाली. परीक्षक तीन, त्यांत शाळेचे मास्तर म्हणून आबा एक. विषय होता 'माझ्या गावची नदी'. मी महिनाभर घाटावर जाऊन मोठ्याने म्हणायचे, परटीणबायका कपडे आपटायच्या थांबून ऐकायच्या. तुला आठवत नसेल, पण तेव्हा माझा आवाज खणखणीत होता. स्पर्धेच्या दिवशी मी खाली उतरले तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पहिला नंबर पद्मजाचा आला. मी दुसरी. दुसऱ्याला कप नव्हता, वही होती.

घरी आल्यावर मी आबांना विचारलं की माझं काय चुकलं. ते म्हणाले, शेवट घाईने केलास. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आबा म्हणाले म्हणजे तसंच असणार. त्यानंतर मी कुठल्याही स्पर्धेत उभी राहिले नाही. मला वाटे, आपल्याला शेवट जमत नाही. नंतर खात्यात लागले, आणि चौतीस वर्षं फक्त हॅलो आणि थोडं थांबा एवढंच बोलले.

आबांच्या तेराव्याला प्रकाश सर आले होते, त्या स्पर्धेचे दुसरे परीक्षक. आबांची थोरवी सांगायची म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही दोघांनी शामलाला पहिलं ठेवलं होतं, पण आबा सरांनी स्वतःच्या मुलीला वीसपैकी अकरा दिले, असा माणूस होणे नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण वेगळं. मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि त्या दिवशी मला कळलं की माझा शेवट घाईचा नव्हता.

नीळू, मला कपाचं दुःख नाही. तो माझ्या समोरच्याच घरात, पद्मजाच्या काचेच्या कपाटात आहे आणि त्यात ती पेनं ठेवते. आबांनी कमी मार्क दिले त्याचंही मी समजून घेतलं. पण ते नंतर तीस वर्षं जिवंत होते. माझ्या हातचा चहा रोज दोनदा प्यायले. एकदा तरी म्हणायचं होतं, शामला, तुझं काही चुकलं नव्हतं. एवढं वाक्य. मी अजून त्याची वाट पाहते, आणि ते आता कुठून येणार?

तू म्हणतोस की अभिरामला कळलंच असणार. मी सुद्धा कळायला हवं अशा वयाची होते. मला कळलं नव्हतं. मुलं बापाचं खरं धरतात.

तेव्हा इतिहासात खरं लिही. आणि दप्तरात जाण्याआधी ते पान पोराच्या हातात दे. तो रागावेल. रागावू दे. गणपतीला येतो ना, तेव्हा दे. चिठ्ठीने नाही, फोनने नाही, समोर बसून.

आज फार लिहिलं, बोटं आखडली. आशीर्वाद आहेतच, आज जरा जास्त.

तुझी,
ताई

—

वाखनिंगन,
१ सप्टेंबर २०२५

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ती वही आठवली. त्या वहीच्या मागच्या पानांवर मी चित्रं काढायचो. ती बक्षिसाची होती हे मला ठाऊकच नव्हतं. सध्या एवढंच.

सांगितलं. काल पाचव्या दिवशी अभिराम आला. मृदुलाने मोदक केले होते. जेवणं झाल्यावर मी त्याला ते पान दिलं. इंग्रजीतच लिहिलंय, त्यामुळे त्याला अडलं नाही. वाचून त्याने इंग्रजीतच एकच विचारलं, की मला तेव्हा खात्री होती का. मी म्हटलं, होती.

मग तो जे बोलला ते तुला सांगतो. तू बरोबर होतीस. त्याला कळलं नव्हतं. त्या सामन्यानंतर संघातली मुलं म्हणाली की चेंडू आतून गेला होता, तुझ्या बाबाने घालवला. वाउटर तर खांबामागेच उभा होता. अभिराम त्यांच्याशी भांडला. म्हणाला की माझे बाबा एक झेंडा उचलतात तेव्हा तो एकच असतो. कोणीतरी हसलं, आणि त्याने त्याला ढकललं. तो पुन्हा खेळायला गेला नाही तो ह्यामुळे. माझ्यावर रागावून नव्हे गं, माझ्या बाजूने भांडून. सगळे मित्र सोडले. आणि माझ्याशी बोलत नव्हता, कारण त्याला वाटत होतं की त्याचा नेम चुकला आणि मी ज्या क्लबासाठी राबतो त्याला त्याने हरवलं. तेरा वर्षं तो मला चुकवत होता आणि मी त्याला.

हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्याने कोट घातला आणि गाडी काढून गेला. विसर्जनाला थांबला नाही. मोदकांचा डबा टेबलावरच राहिला. बादलीत गणपती मी एकट्याने बुडवला. मृदुला माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

आज संध्याकाळी सभेत ते पान वाचलं. वाउटर म्हणाला की त्याने तेव्हाच पाहिलं होतं, सगळ्यांनीच पाहिलं होतं. मी विचारलं की मग बोलला का नाहीत. तो म्हणाला की जो माणूस दर रविवारी आमचा चिखल धुतो त्याला काय बोलायचं. क्लब बंद करण्याचा ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. सातांत एक मत माझंही होतं.

जे उरलं होतं तेही मी माझ्या हाताने मोडलं असं वाटतंय. शेवटच्या सामन्याला आठ जण जमलेत. नववा नाही. तुझा लोभ टिकव, बाकी काही टिकवता येईल असं दिसत नाही.

तुझा,
नीळू

—

वाखनिंगन,
२३ सप्टेंबर २०२५

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितोय. सोबत एक पार्सल आहे, ते पत्र वाचून झाल्यावर उघड.

शनिवारी सामना झाला. समोरच्यांनी समजूतदारपणे एक माणूस कमी करून आठ-आठ खेळायचं कबूल केलं होतं. भुरभुर पाऊस, नदीवरून वारा. मी नि वाउटर खांब ठोकत होतो. वाउटरचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट, त्यामुळे एक खांब ठोकायला आम्हाला दोन माणसं आणि चार विश्रांत्या लागल्या. तेवढ्यात बांधावर गाडी थांबली आणि अभिराम उतरला. तीन आठवड्यांत एक फोन नव्हता. हातात जुने बूट. माझ्याकडे पाहिलं नाही, पिशवीतली जर्सी काढली, घातली. पोटावर ती तटतटली. एकतीस वर्षांचा झालाय आता.

आम्ही वाईट हरलो. दुसऱ्या पाळीलाच तीस गुणांनी मागे होतो. सगळ्यांना धाप लागलेली, आणि अभिराम तर तोंड उघडून उभा. पण शेवटच्या पाळीत, आमचा मारा माझ्या टोकाला असताना, त्याच्याकडे चेंडू आला. ताई, तीच डावी बाजू, तोच कोन. त्याने दोन पावलं टाकली आणि मारला.

मी वर पाहत होतो, चष्म्यावर पाणी. चेंडू कुठून गेला ते दिसलं नाही. पण आवाज आला. टक्. अगदी बारीक, नखाने पाइपावर टिचकी मारावी तसा. पंचाने माझ्याकडे पाहून हात वर केला. खरं सांगतो, माझे दोन्ही हात निघाले होते. हरलेलाच सामना, कोणाचं काय जाणार होतं? तेरा वर्षांपूर्वीचे सहा गुण आज देऊन टाकावेत, पोराने एवढ्या लांबून यावं आणि त्याला एक झेंडा दाखवावा का? मनाला फार वाटलं.

मी समोर पाहिलं. अभिराम चिखलात उभा होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. माझा झेंडा वर जायच्या आधी त्याने हात वर केला, एक बोट उभं करून. त्यानेही ऐकलं होतं.

मी एक झेंडा उचलला. डोळ्यांना धार लागली होती, पण पाऊस असल्याने निभावलं.

सामना संपल्यावर खांब काढताना तो आपणहून आला. पुढचं टोक त्याने खांद्यावर घेतलं, मागचं मी. बांधापर्यंत दोनशे पावलं असतील. वळणावर त्याने ओरडून सांगितलं आणि मी हो म्हटलं. गाडीशी आल्यावर त्याने मराठीत विचारलं की मोदकांचा डबा अजून आहे का. तीन आठवड्यांचे मोदक कुठून असणार? मी म्हटलं की आई नवे करेल. तो म्हणाला की राग गेलेला नाही, पण भूक लागली आहे. मृदुलाने गणपती गेल्यावर दुसऱ्यांदा मोदक केले आणि माझ्याशी बोलायला लागली.

जाताना त्याने इतिहासाची शेवटची ओळ सांगितली, ती मी तशीच घातली: २० सप्टेंबर २०२५, अभिरामचा शेवटचा फटका, खांबाला लागला, एक गुण. खाली गोलपंच म्हणून मी सही केली आणि साक्षीदार म्हणून त्याने. काल ते बाड दप्तरात गेलं. क्लब संपला. शनिवारी सकाळी आता काय करायचं ते माहीत नाही. झोपीन बहुधा.

आता पार्सल. त्यात आबांच्या धोतराचे दोन झेंडे आहेत. मृदुलाने दोनदा धुतलेत, तरी एका कोपऱ्यावर नदीचा डाग राहिलाय. दोन झेंडे म्हणजे चेंडू स्वच्छ आत गेला, सहाच्या सहा. हे आबांनी द्यायचे होते. कापड त्यांचंच आहे, हात तेवढा माझा.

ताई, तुझं काही चुकलं नव्हतं.

लोभ आहे तसा राहू दे, एवढंच.

तुझा,
नीळू

—

मिरज,
१६ ऑक्टोबर २०२५

चि. नीळू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल मिळालं. पोस्टमनने दिवाळी मागितली, ती दिली. कडा सुटलेल्या नाहीत, मृदुलाला तसं सांग. चकल्या झाल्या, थोड्या मोडल्या. अभिरामला पाठवते आहे, मोडक्या तुला.

बाकी फार लिहवत नाही. काल दुपारी हे झोपले होते, तेव्हा गच्चीवर गेले. वाळवण काढून झाल्यावर 'माझ्या गावची नदी' पहिल्यापासून म्हटलं. वाटलं विसरले असेन, पण सगळं आठवलं. मोठ्याने म्हटलं असणार, मला कुठे ऐकू येतं? शेवटचं वाक्य सावकाश म्हटलं. मग दोन्ही हातांनी दोन्ही झेंडे उचलले आणि हात भरून येईपर्यंत खाली केले नाहीत.

खाली पाहिलं तर पद्मजा तिच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

ये एकदा. पोराला घेऊन ये. माया आहे, ती काही पोस्टात हरवत नाही.

तुझी,
ताई